सापडलेला आणि हरवलेला विषाणू: एका थकव्याच्या आजाराचा इतिहास

आजची गोष्ट एका विषाणूची आहे. २००९ साली तो जगभर गाजला. २०११ संपता संपता त्याच्यावरचा शोधनिबंधच मागे घेतला गेला. मधल्या दोन वर्षांत कितीतरी आजारी माणसांनी त्याच्यावर आशा लावली, रक्ततपासणीवर पैसे घालवले, काहींनी तर एचआयव्हीची औषधंसुद्धा सुरू केली. हे सगळं कसं घडलं, आणि आज मोबाईलवर "आजाराचं रहस्य उलगडलं!" अशी बातमी दिसली की तिच्याकडे कसं बघायचं, हे आज समजून घेऊ.

आजाराचं नाव क्रॉनिक फटीग सिंड्रोम. डॉक्टर हल्ली एमई-सीएफएस म्हणतात. नाव ऐकून वाटतं, थकवाच ना, तो कुणाला येत नाही? पण हा दमल्यावर येणारा थकवा नाही. जरा जास्त चालणं झालं, तासभर डोकं लावून काम झालं, की त्या दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. मग कित्येक दिवस, कधी कधी कित्येक आठवडे अंगात त्राण येत नाही. झोपून उठलं तरी ताजंतवानं वाटत नाही. शब्द आठवत नाहीत. उभं राहिलं की गरगरतं. आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत सुरुवात एखाद्या साध्या संसर्गानं होते. ताप उतरतो, पण माणूस बरा होत नाही.

लंडन, १९५५

जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक विचित्र साथ आली. घसा दुखणं, डोकेदुखी, चक्कर, स्नायूंमध्ये वेदना आणि अशक्तपणा. गंमत म्हणजे आजारी पडले ते मुख्यतः कर्मचारी! २९२ कर्मचाऱ्यांना लागण झाली, त्यातल्या २५५ जणांना दाखल करावं लागलं. आधीपासून भरती असलेल्या रुग्णांपैकी मात्र फक्त १२ जणांना हा आजार झाला. हॉस्पिटल २५ जुलैला बंद झालं, ते उघडलं ५ ऑक्टोबरला. पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानं या आजाराला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस हे नाव सुचवलं. एमई म्हणतात ते हेच.

जंतू काही सापडला नाही. १९७० मध्ये मॅकइव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडला की हा सामूहिक हिस्टेरिया होता. पुरावा काय? रुग्णांमध्ये बायकांचं प्रमाण जास्त, आणि तपासणीत ठोस काही दिसत नाही. त्यांनी जुन्या नोंदी वाचल्या होत्या. रुग्णांना स्वतः तपासलं नव्हतं. पण शिक्का बसायचा तो बसला. तिथून पुढे अनेक वर्षं या रुग्णांना एकच उत्तर मिळत राहिलं: तुमच्या मनाचे खेळ आहेत.

१९८४-८५ मध्ये अमेरिकेत लेक टाहोच्या काठावरच्या इन्क्लाइन व्हिलेज गावात अशीच साथ आली. पेपरवाल्यांनी टिंगलीत नाव पाडलं, 'यप्पी फ्लू', म्हणजे पैसेवाल्या तरुणांची नाटकं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या पुढाकारानं 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव आलं. या नावानं आजाराला व्याख्या दिली खरी, पण तो आणखीच हलका वाटू लागला.

आणि मग विषाणू सापडला

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवा. पन्नास वर्षं कुणी विश्वास ठेवलेला नाही. अशात ऑक्टोबर २००९ मध्ये 'सायन्स'सारख्या नावाजलेल्या साप्ताहिकात निबंध येतो: १०१ रुग्णांपैकी ६८ जणांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडला, २१८ निरोगी लोकांपैकी फक्त ८ जणांत. म्हणजे ६७ टक्के विरुद्ध ४ टक्क्यांहूनही कमी! रुग्णांना काय वाटलं असेल, कल्पना करा. अखेर कुणीतरी म्हणालं, तुमच्या रक्तात काहीतरी आहे, तुम्ही खोटं बोलत नाही.

तीनच महिन्यांत ब्रिटनमधून दुसरा अभ्यास आला. १८६ रुग्ण तपासले, विषाणू सापडला शून्य जणांत. मग अजून अभ्यास, अजून शून्य. रुग्णांच्या गटांत संताप होता. पुन्हा आमचा आजार नाकारायचा डाव आहे, असंच अनेकांना वाटलं. इतिहास बघता त्यात नवल काय?

पण खरं कारण वेगळंच होतं. २०११ मध्ये संशोधकांनी विषाणूचा माग काढला. १९९० च्या दशकात प्रयोगासाठी माणसाच्या प्रोस्टेटची गाठ उंदरांच्या शरीरात वाढवली होती. तिथे उंदरांच्याच दोन विषाणूंचे तुकडे जुळून हा नवा विषाणू तयार झाला होता. त्या गाठीपासून बनवलेल्या पेशी पुढे वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये गेल्या. थोडक्यात, विषाणू खरा होता, पण तो रुग्णांच्या शरीरातला नव्हता, प्रयोगशाळेतला होता. ही तपासणी इतकी संवेदनशील असते की किंचितशी भेसळसुद्धा पुरते.

मग अमेरिकेत एक साधीच पण जबरदस्त परीक्षा घेतली गेली. नऊ प्रयोगशाळांना रक्ताचे नमुने दिले, पण कुठला नमुना कुणाचा हे सांगितलंच नाही. ज्यांना विषाणू 'सापडला', त्यांना तो निरोगी माणसांच्या नमुन्यांतही सापडत होता! डिसेंबर २०११ मध्ये 'सायन्स'नं निबंध मागे घेतला. २०१२ मध्ये इयन लिपकिन यांच्या नेतृत्वाखाली १४७ रुग्ण आणि १४६ निरोगी लोकांवर शेवटची तपासणी झाली, तीही मूळ संशोधकांना सोबत घेऊन. विषाणूचा पुरावा मिळाला नाही. प्रकरण संपलं.

उलट बाजूची चूक

आता तुम्ही म्हणाल, रुग्ण भोळे आणि शास्त्रज्ञ शहाणे, असंच ना? थांबा.

त्याच २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधला पेस नावाचा मोठा अभ्यास आला. ६४१ रुग्ण. निष्कर्ष असा की समुपदेशन आणि हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम यांनी फायदा होतो. पुढच्या निबंधात तर या दोन्ही गटांतले २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचं म्हटलं होतं. रुग्ण म्हणत होते, अहो, जास्त हालचाल केली की आम्ही आणखी आजारी पडतो! त्यांचं ऐकतो कोण?

मग रुग्णच बारकाईनं वाचायला बसले. त्यांना काय दिसलं? अभ्यासात प्रवेश मिळायला शारीरिक क्षमतेचे गुण १०० पैकी ६५ किंवा त्याहून कमी हवेत. आणि 'बरं होण्या'च्या निकषांत मात्र ६० गुण पुरेसे. म्हणजे एखाद्याचे गुण ६५ वरून ६० वर घसरले तरी त्या निकषापुरता तो पास! हे निकष अभ्यास सुरू झाल्यावर बदलले होते. ऑस्ट्रेलियातल्या एका रुग्णानं माहिती अधिकाराखाली आकडे मागितले. विद्यापीठानं विरोध केला, पण २०१६ मध्ये ब्रिटिश न्यायाधिकरणानं आकडे द्यायला लावले. मूळ निकष लावून गणित केल्यावर बरे झालेले उरले समुपदेशनात ७ टक्के आणि व्यायामात ४ टक्के. यातलं काहीच न घेतलेल्या गटात ३ टक्के. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं वाढत्या व्यायामाचा उपचार करू नका, असं मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट लिहिलं.

एका प्रकरणात रुग्णांची आशा खोटी ठरली, दुसऱ्यात रुग्णांची शंका खरी ठरली. दोन्ही वेळा निकाल कशानं लागला? कुणीतरी नेटानं तपासलं म्हणून. रुग्णावर विश्वास ठेवणं आणि संशोधनाची कसून तपासणी करणं या विरुद्ध गोष्टी नाहीत. ज्याला आजार खरा वाटतो, त्याला औषधही खरंच हवं असतं.

गाजावाजा न झालेला अभ्यास

ऑस्ट्रेलियातल्या डबो या गावचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी उलट्या टोकाकडून सुरुवात केली: आधी संसर्ग झालेले २५३ लोक शोधले आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवलं. संसर्ग तीन वेगवेगळे होते. एपस्टीन-बार विषाणू, क्यू फीवर, आणि डासांमुळे होणारा रॉस रिव्हर. हा रॉस रिव्हर म्हणजे आपल्या चिकुनगुन्याचा नातेवाईकच. सहा महिन्यांनीही साधारण १२ टक्के लोक आजारीच होते. कोण आजारी राहणार, हे सुरुवातीचा आजार किती तीव्र होता यावरून सांगता येत होतं, स्वभावावरून नाही.

२००६ ची चिकुनगुन्याची साथ महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात विचारा. ताप तीन-चार दिवसांत गेला, पण सांधे कित्येक महिने धरलेले, हे सांगणारी माणसं आजही भेटतील. सगळ्यांनाच एमई-सीएफएस होतो असं नाही. पण 'ताप गेला म्हणजे आजार गेला' हे खरं नाही, एवढं आपल्यालाही ठाऊक आहे. कोविडनंतर तर ते जगाला कळलं.

मग आजच्या बातमीचं काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली: एमई-सीएफएस ओळखणारी रक्तचाचणी, ९६ टक्के अचूक! आत बघितलं तर रुग्ण ४७, निरोगी लोक ६१. रुग्ण सगळे अतिशय गंभीर. आता विचार करा. अंथरुणाला खिळलेला माणूस आणि ठणठणीत माणूस यांत फरक करणं हा डॉक्टरांचा प्रश्नच नाही. थायरॉइड, नैराश्य, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा इतर आजारांनी थकलेल्यांमधून हा रुग्ण वेगळा काढता येतो का, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर अजून बाकी आहे.

त्याच वर्षी एडिनबरा विद्यापीठाच्या डीकोड-एमई अभ्यासाचे पहिले निष्कर्ष आले. १५,५७९ रुग्णांची जनुकं, जवळपास २ लाख ६० हजार इतर लोकांशी तुलना, आणि अभ्यासाच्या आखणीत रुग्णांचाही सहभाग. जनुकांमध्ये आठ जागा फरकाच्या सापडल्या, त्यातल्या काही रोगप्रतिकारशक्ती आणि मज्जासंस्थेशी जोडलेल्या. यातून ना चाचणी मिळाली, ना औषध. शिवाय इतर संशोधकांनी पारखण्याआधीच हे निष्कर्ष जाहीर केलेले, त्यामुळे पडताळणी हवीच. तरी बघा, मोठा आकडा आणि छोटा दावा. माझा भरवसा अशा बातमीवर जास्त बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर असा फॉरवर्ड आला तर चार गोष्टी विचारा. माणसं किती होती? तुलना कुणाशी केली? यश कशाला म्हणायचं, हे आधी ठरवलं होतं की नंतर? आणि दुसऱ्या कुणाला तेच सापडलं का? आणि हो, तुमच्या ओळखीत तापानंतर सावरलेलं नाही असं कुणी असेल, तर "जरा चालायला जात जा" म्हणण्याआधी एकदा विचारा, चालल्यानंतर दुसऱ्या दिवशी तुला कसं वाटतं?

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!