स्टीम हूड (मेपल सिरप बाष्पीभवक)

मेपल सिरपच्या बाष्पीभवकावर बसवले जाणारे धातूच्या पत्र्याचे छत्र म्हणजे स्टीम हूड होय. मेपल वृक्षाचा रस आटवताना निघणारी वाफ गोळा करून नळीवाटे छपराबाहेर सोडणे आणि त्या वाफेचे थंड होऊन झालेले पाणी पुन्हा रसात पडू न देणे, ही त्याची दोन मुख्य कामे आहेत. कॅनडातील क्वेबेक व अमेरिकेतील व्हर्मॉन्ट यांसारख्या मेपल सिरप उत्पादक प्रदेशांत त्याचा वापर होतो. तयार हूड बाजारात मिळत असले, तरी अनेक लहान उत्पादक आपल्या बाष्पीभवकाच्या मापाचे हूड स्वतः तयार करतात किंवा पत्रेकाम करणाऱ्या कारागिराकडून करवून घेतात.

पार्श्वभूमी

हिवाळा सरताना, रात्री गोठणबिंदूखालील व दिवसा त्यावरील तापमान असण्याच्या काळात, मेपलच्या खोडाला छिद्र पाडून रस गोळा केला जातो. शर्करा मेपलच्या (एसर सॅकॅरम) रसात साखरेचे प्रमाण साधारणपणे २ टक्के असते, तर तयार सिरपमध्ये ते ६६ ते ६७ टक्के असावे लागते. किती रस लागेल याचा अंदाज बांधण्यासाठी उत्पादक ‘८६ चा नियम’ वापरतात. ८६ या संख्येला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागले असता एक माप सिरपसाठी लागणाऱ्या रसाची मापे मिळतात. रसात २ टक्के साखर असल्यास १ लिटर सिरपसाठी सुमारे ४३ लिटर रस लागतो, म्हणजेच जवळजवळ ४२ लिटर पाण्याची वाफ करावी लागते. उसाच्या रसात साखर याच्या कित्येक पट असल्याने गुऱ्हाळात तुलनेने बरेच कमी पाणी आटवावे लागते.

१०० अंश सेल्सिअस तापमानाला १ किलोग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १.६७ घनमीटर जागा व्यापते. ताशी १०० लिटर पाणी आटवणाऱ्या बाष्पीभवकातून दर तासाला सुमारे १६७ घनमीटर वाफ निघते. १० मीटर लांब, ६ मीटर रुंद व पावणेतीन मीटरहून थोड्या अधिक उंचीची खोली तिने पूर्ण भरेल. रस आटवण्याच्या शेडला, म्हणजे ‘शुगर हाउस’ला, परंपरेने छपराच्या माथ्यावर उघडझाप करता येणारा मोठा झरोका ठेवलेला असतो. मात्र बाहेरील हवा थंड असल्याने वाफेचा काही भाग शेडमध्येच धुके होऊन साचतो, तुळयांवर त्याचे पाणी होते आणि तेथील धूळ व काजळी घेऊन ते खालच्या पात्रात ठिबकते. या अडचणीवर स्टीम हूड हा उपाय आहे.

रचना

बाष्पीभवकाच्या भट्टीवर सामान्यतः दोन पात्रे असतात. मागच्या पात्राच्या (फ्लू पॅन) तळाला खोल पन्हाळी असतात व बहुतांश वाफ याच पात्रातून निघते. पुढच्या, सपाट तळाच्या पात्रात (सिरप पॅन) रस अखेरच्या घट्टपणापर्यंत आटतो. म्हणून हूड मुख्यतः मागच्या पात्रावर बसवले जाते. पुढच्या पात्रावर सतत नजर ठेवावी लागत असल्याने ते पुष्कळदा उघडेच ठेवतात.

हूडचे प्रमुख भाग पुढीलप्रमाणे आहेत :

छत – हे घराच्या छपरासारखे उतरते असते. उतार पुरेसा असल्यास आत जमलेले थेंब पत्र्याला धरून बाजूंकडे ओघळतात. सपाट छतावरून ते सरळ रसात पडतात.

पन्हळ – बाजूच्या भिंतींची खालची कड आत वळवून तयार केलेली ही अरुंद नाली होय. ओघळलेले पाणी तीत गोळा होते व नळीने बाहेर जाते.

वाफनळी – छतापासून छपरावरच्या उंचीपर्यंत जाणारी नळी. हिच्या आतल्या बाजूनेही पाणी खाली येते, म्हणून तळाशी ते अडवणारे कडे व निचऱ्याची सोय ठेवतात. भट्टीचे धुराडे वेगळे असते.

दारे – रसाची पातळी व फेस पाहण्यासाठी आणि फेसशामक टाकण्यासाठी.

पूर्वतापक

हूडच्या आत तांब्याच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या नळ्या बसवून त्यांतून थंड रस मागच्या पात्राकडे नेल्यास तो वाफेच्या उष्णतेने आधीच तापतो. १ किलोग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे २,२५७ किलोजूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो. १०० किलोग्रॅम रस ४ अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे ३६,००० किलोजूल उष्णता लागते व ती १६ किलोग्रॅम वाफेतून मिळू शकते. एकूण लागणाऱ्या उष्णतेच्या मानाने ही बचत सुमारे १३ ते १४ टक्के भरते.

मात्र या प्रक्रियेत नळ्यांवर तेवढेच, म्हणजे १६ किलोग्रॅम, पाणी जमते. ते पुन्हा पात्रात पडले तर त्याची वाफ करण्यास तितकीच उष्णता खर्ची पडते आणि संपूर्ण बचत नाहीशी होते. यासाठी नळ्यांखाली उतरते तबक बसवून ते पाणी पन्हळीत सोडणे आवश्यक असते. निचरा होणारे हे गरम पाणी भांडी व उपकरणे धुण्यासाठी उपयोगी पडते.

मापे व बांधणी

बाष्पीभवकांची लांबी-रुंदी, धुराड्याची जागा आणि शेडची उंची ठिकठिकाणी वेगळी असल्याने एकाच मापाचे हूड सर्वत्र बसत नाही. प्रथम पात्राच्या काठांची मापे घेऊन पुठ्ठ्याचा नमुना करतात. तो पात्रावर ठेवून दारे, रसाची नळी व तरंगता गोळा (फ्लोट) यांच्या जागा पडताळल्यावर पत्रा कापतात. पन्हळीला निचऱ्याच्या टोकाकडे उतार मिळेल अशी आखणी याच वेळी करावी लागते, कारण जोडकाम झाल्यावर ती दुरुस्त करणे कठीण जाते.

पत्रा खाद्यपदार्थांसाठी योग्य असावा लागतो. स्टेनलेस स्टील गंजत नाही व टिकाऊ असते. ॲल्युमिनियम हलके व वाकवण्यास सोपे असते. हूडवरचे पाणी रसात पडण्याची शक्यता असल्याने जस्तलेपित पत्रा टाळतात व झाळकामासाठी शिसेविरहित झाळ वापरतात. हूड साफसफाईसाठी उचलता यावे म्हणून ते कप्पी, दोर व प्रतिभार यांच्या साहाय्याने टांगतात.

सुरक्षितता

हूडमुळे पात्रातील रस सहज दिसत नाही. पातळी घटल्याचे लक्षात न आल्यास थोड्याच वेळात रस करपतो व पात्राचा तळ जळतो. म्हणून पातळीदर्शक नळी बाहेरून दिसेल अशी ठेवतात. दार उघडताना वाफेने भाजण्याचा धोका असतो. पूर्वतापकात अडकलेली हवा व वाफ बाहेर पडण्यासाठी उघडी उभी नळी आवश्यक असते. तिच्याअभावी आतला रस उकळून दाब वाढू शकतो. वाफनळी शेडमधील हवाही ओढून घेत असल्याने बाहेरून ताजी हवा येण्यास वाट ठेवावी लागते. अन्यथा भट्टीचा धूर व कार्बन मोनॉक्साइड उलट शेडमध्ये येण्याची शक्यता असते.

मर्यादा

साधे हूड रस लवकर आटवत नाही. इंधनाची बचत पूर्वतापक जोडल्यावरच होते, आणि तीही निचरा योग्य असेल तर. व्युत्क्रमी परासरण यंत्राने रसातील बरेच पाणी आधीच काढून टाकल्यास प्रत्येक लिटर सिरपमागे निघणारी वाफ कमी होते. तरीही उरलेला रस उकळावाच लागत असल्याने वाफ बाहेर नेण्याची गरज संपत नाही.