शेजारच्या निशाण्यावर लागलेली गोळी

गेल्या रविवारी इथे अमेरिकेत जुन्या बंदुका जमवणाऱ्यांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. लष्करी बंदुकांची टेबलं ओलांडत गेलो आणि कोपऱ्यात पाय थबकले. शेजारी-शेजारी दोन दुर्मीळ नेमबाजीच्या रायफली! एक डब्लिनच्या रिग्बीची, ठासणीची. दुसरी रेमिंग्टनची, मागून काडतूस घालायची. तिच्यापुढे चिठ्ठी: ‘जिंकलेली जात’.

२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळचं क्रीडमूर मैदान. आयर्लंड विरुद्ध अमेरिका, सहा-सहा नेमबाज, अंतर ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली. अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स. मागून भरायची रायफल इतक्या लांब अचूक मारेल का, याची ती जाहीर परीक्षाच होती.

निकाल: अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. फक्त तीन गुण!

आणि गंमत बघा. आयर्लंडच्या मिल्नरची एक गोळी बरोब्बर मध्यावर लागली होती, पण शेजारच्या निशाण्यावर. चार गुणांऐवजी शून्य. ते चार धरले असते तर आयर्लंड ९३५.

म्हणजे ठासणीची रायफल कमी पडली नव्हती, माणसाची नजर चुकली होती. तरी नाव झालं ते नव्या रायफलीचं. इतिहासात शेवटी आकडा उरतो, त्यामागचं कारण गळून जातं.

विक्रेत्याला हे सांगितलं. तो हसला. चिठ्ठी मात्र तशीच राहिली.