कोळ्याचा अपराध कोणता?

१९५५ साली आलेल्या 'टॅरँटुला' या अमेरिकन विज्ञान-भयपटाच्या शेवटी अॅरिझोनाच्या वाळवंटातून एक अवाढव्य कोळी गावावर चालून येतो. बंदुका आणि सुरुंग यांना तो दाद देत नाही. अखेर लढाऊ विमाने नापामचा मारा करतात, कोळी जळून जातो आणि चित्रपट संपतो. विमानांच्या त्या तुकडीचा म्होरक्या म्हणजे तरुण क्लिंट ईस्टवूड. श्रेयनामावलीत तेव्हा त्याचे नावही नव्हते. हा तपशील चित्रपटरसिक आवर्जून सांगतात. परंतु कोळी मेल्याने नेमक्या कोणत्या अपराधाचा निकाल लागला, हे सहसा कोणी विचारत नाही. कोळ्यांवरील विज्ञान-भयपटांचा इतिहास या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिला, तर तो निव्वळ किळस आणि किंकाळ्यांचा इतिहास राहत नाही.

'टॅरँटुला'चा दिग्दर्शक जॅक अर्नोल्ड. त्यातील प्राध्यापक डीमर हा सूड घेण्यास निघालेला माथेफिरू शास्त्रज्ञ नव्हे. जगाची लोकसंख्या वाढते आहे, अन्न पुरणार नाही, या चिंतेतून तो किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने एक पोषक रसायन तयार करतो. ते टोचलेले प्राणी भराभर वाढतात. त्याचे सहकारी ते स्वतःवर आजमावतात आणि विद्रूप होतात. त्यांच्यापैकी एकाने घातलेल्या धुमाकुळात प्रयोगशाळेला आग लागते आणि कोळी निसटतो. म्हणजे या साऱ्या अनर्थाच्या मुळाशी दुष्टावा नाही, भूक भागवण्याची सदिच्छा आहे.

आणि कोळी? पडद्यावरचा कोळी बहुतांशी खराखुरा होता. लहानशा प्रतिकृतीच्या माळरानावर त्याला सोडून हवेच्या झोतांनी हवे तिकडे वळवले जाई. प्रेक्षकांना जी चाल आक्रमणाची वाटली, ती वाऱ्यापासून दूर होऊ पाहणाऱ्या एका बुजऱ्या जिवाची होती.

एवढा मोठा कोळी संभवतो का? जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ सालच्या एका निबंधात प्राण्यांच्या आकारमानाचे गणित सोपे करून सांगितले होते. प्राणी सर्व बाजूंनी दसपट वाढला की त्याचे वजन हजारपट होते, पण पायांचा छेद शंभरपटच वाढतो. तो भार पायांना पेलत नाही. कोळ्याचे तर पाय ताठ होतात ते शरीरातील द्रवाच्या दाबाने. असा प्राणी डोंगराएवढा झाला तर गावावर चालून जाणे दूरच, त्याला उभेही राहता येणार नाही. तेव्हा पडद्यावरच्या कोळ्याचे आकारमान प्राणिशास्त्रातून आलेले नाही. ते माणसाच्या मनातील धास्तीचे, आणि धास्तीइतकेच अपराधभावाचे, माप आहे. 'टॅरँटुला'च्या आदल्याच वर्षी, १९५४ साली, 'देम!' या चित्रपटाने न्यू मेक्सिकोतील अणुचाचणीतून निपजलेल्या राक्षसी मुंग्या दाखवल्या होत्या. त्या चाचणीला तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती.

अर्नोल्डनेच १९५७ साली हे माप उलटे केले. रिचर्ड मॅथेसनच्या कादंबरीवरून काढलेल्या 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन'मध्ये कोळी वाढत नाही. माणूस लहान होत जातो. समुद्रावरचे किरणोत्सारी धुके आणि पाठोपाठ अंगावर आलेले कीटकनाशक यांच्या संयोगाने स्कॉट केरी इतका आक्रसतो की स्वतःच्याच घराच्या तळघरात त्याला केकच्या तुकड्यासाठी कोळ्याशी झुंजावे लागते. टाचणी हे त्याचे शस्त्र. या झुंजीच्या वेळी आपल्याप्रमाणेच हा प्राणीही जगण्यासाठी धडपडतो आहे, हे त्याला उमगते. शत्रूकडे असे पाहणारा नायक या चित्रप्रकारात विरळाच.

कीटकनाशकाचा तो ओझरता उल्लेख पुढे मध्यवर्ती झाला. १९६२ साली रेचेल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग'ने फवारणीच्या परिणामांकडे लक्ष वेधले. १९७२ साली अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीच्या वापरावर बंदी आली. त्यानंतर पाच वर्षांनी आलेल्या 'किंग्डम ऑफ द स्पायडर्स'मध्ये कोणी वेडा शास्त्रज्ञ नाही, अणुबॉम्ब नाही, कोळ्यांचे आकारमानही नेहमीचेच आहे. फवारणीने त्यांचे भक्ष्य नाहीसे झाल्यामुळे ते गुरांवर आणि मग माणसांवर येतात. विल्यम शॅटनरने रंगवलेला पशुवैद्य हे समजून घेऊ लागतो, तर नगराध्यक्षाला जत्रेची काळजी. त्याचा उपाय एकच, आणखी फवारणी. शेवटी सकाळी खिडकीवरची फळी काढून पाहावे, तो सारे गाव पांढऱ्या जाळ्यात गुरफटलेले. येथे विमाने येत नाहीत. बळी द्यायला एकच एक राक्षस नसल्यामुळे दोष कोणाचा, हा प्रश्न मिटवताही येत नाही. निर्मितीमूल्यांनी बेताच्याच असलेल्या या चित्रपटाचा शेवट मला म्हणूनच या परंपरेतील सर्वांत प्रामाणिक वाटतो.

नंतरच्या काळात आरोपी बदलत राहिला. 'एट लेग्ड फ्रीक्स' (२००२) मध्ये विषारी रासायनिक कचऱ्याचे पिंप तळ्यात पडते. पण तेथे भीतीपेक्षा विनोद अधिक, आणि कोळी पुन्हा एकदा आगीच्या भक्ष्यस्थानी. २०२३ सालच्या फ्रेंच 'व्हर्मिन'मध्ये विक्रीसाठी वाळवंटातून पकडून आणलेला कोळी पॅरिसच्या उपनगरातील एका गरीब वस्तीच्या इमारतीत पसरतो आणि पोलीस रहिवाशांना आतच कोंडतात. उपद्रवी कीड असा अर्थ असलेले ते शीर्षक कोळ्यांपुरते नाही, हे प्रेक्षकाला लवकरच कळते.

शेवटी पुन्हा डीमरकडे वळावेसे वाटते. इसवी सन २००० मध्ये जगात सुमारे ३६२ कोटी माणसे असतील, असे तो चिंतेने सांगतो. प्रत्यक्षात त्या वर्षी ती ६०० कोटींहून अधिक होती. त्यांच्यापैकी बहुतेकांना अन्न मिळाले, ते राक्षसी प्राण्यांमुळे नव्हे. सुधारित बियाणी, सिंचन, रासायनिक खते आणि कीटकनाशके यांमुळे. १९५५ च्या चित्रपटातील भूक आणि १९७७ च्या चित्रपटातील फवारणी ही अशी एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. त्यांच्या मधोमध कोळी आहे. त्याने काही मागितले नव्हते, आणि दोन्ही वेळा किंमत मोजण्याची पाळी आधी त्याच्यावरच आली.