आरमारी तारखा आणि वाराची कसोटी

जुन्या पत्राची मित्ती तपासतांना आपण वाराचा आधार घेतों. कारकुनाची चूक यदृच्छेनें झाली असेल, तर चुकीच्या तिथीशीं वार जुळून येण्याचा संभव सातांत एक. चुकीच्या शकाशीं संवत्सर जुळण्याचा साठांत एक. जेधे शकावलींतील शिवजन्माची मित्ती, शके १५५१ शुक्ल संवत्सर फाल्गुन वद्य ३ शुक्रवार, या दोन्ही कसोट्यांस उतरते, म्हणूनच तिचें वजन.

परंतु मोजण्याची पद्धतच सरकलेली असेल, तर वार कांहीं सांगत नाहीं. विजयदुर्गाचें उदाहरण घ्यावें. शके १६७७ युवा संवत्सरीं, सन सीत खमसैन मया व अलफ, अॅडमिरल वॉटसननें किल्ल्यावर मारा केला व तुळाजी आंग्र्याचें आरमार जळालें. तो दिवस गुरुवार, १२ फेब्रुवारी १७५६. मारा दुपारी सुरू झाला. इंग्रजी जहाजांच्या रोजनाम्यांत त्या काळीं दिवस आदल्या मध्यान्हीं सुरू होई. ही चाल इंग्रजी आरमारांत १८०५ पर्यंत होती. या हिशेबानें तीच दुपार १३ तारखेची, आणि वारही शुक्रवार! तारीख व वार दोन्ही एकदमच पुढें गेल्यानें ताळा बिनचूक लागतो आणि संशोधक फसतो.

आपला वार सूर्योदयापासून. तेव्हां एकाच प्रसंगाच्या दोन नोंदी ताडून पाहिल्यास सूर्योदय ते मध्यान्ह फरक शून्य, मध्यान्हापासून पुढील सूर्योदयापर्यंत जहाजाची नोंद एक दिवस पुढें. म्हणजे आठ प्रहरांपैकीं सुमारें सहा प्रहर फरक पडणारच. जहाजाची नोंद एक दिवस मागें मात्र कधींच पडूं नये; पडल्यास ती लेखकाची चूक समजावी. अशा नोंदींची नुसती सरासरी काढणें व्यर्थ होय. प्रहरवार वर्गवारी केली तरच चुकीचें मूळ दिसतें.

समुद्र दूर असलेल्या वर्धा प्रांतांतील संग्राहकांस हें परकें वाटेल. पण त्यांच्याकडील रुमालांतही याच जातीची चूक दबा धरून असते. सुहूर सनांत ५९९ मिळवावे लागतात, दक्षिणी फसलींत ५९०. जानेवारीपासून मृगापर्यंत दोहोंतही आणखी एक. नुसता ‘सन’ लिहिलेला कागद भलत्या गणनेनें वाचल्यास नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि तो सबंध रुमालभर सारखाच पडतो. नक्कल करतांना मूळ आंकडा व सनाचें नांव जसेंच्या तसें ठेवून आपली दुरुस्ती निराळ्या शाईनें बाजूस लिहावी.