मान, श्वास आणि झोप: खासबागेच्या मातीतून सुरू होणारी एक गोष्ट

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलीतलाच आहे, थोडा साफ केलाय इतकंच.

आजचा प्रश्न जरा विचित्र वाटेल. लहान मुलाच्या मानेला मार लागला, तर त्याचा झोपेतला श्वास बिघडू शकतो का? झोपेत श्वास मधेमधे थांबतो त्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. तो आणि मान, यांचा काय संबंध? आणि हा प्रश्न कोल्हापुरात बसून का विचारायचा?

कारण सोपं आहे. मानेवर इतकं प्रेम करणारं दुसरं गाव दाखवा! इथं पैलवानाची ओळख त्याच्या मानेवरून आणि कानावरून होते. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जा. दहा-बारा वर्षांची पोरं लाल मातीत डोकं टेकवून सगळं अंग मानेवर तोलताना दिसतील. आणि रात्री तीच पोरं तालमीत ओळीनं झोपलेली असतात. त्यातलं एखादं मोठ्यानं घोरत असलं तर बाकीचे काय म्हणतात? 'दमलंय पोरगं, गाढ झोप लागलीय.' हे वाक्य लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

रोमचं मैदान आणि ग्लॅडिएटरांचा वैद्य

१९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज युरोपला गेले. रोममधलं प्राचीन मैदान बघून त्यांच्या मनात आलं की आपल्या कुस्तीला असं काहीतरी पाहिजे, असं सांगितलं जातं. १९०७ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. मधे खोलगट आखाडा, चारी बाजूंनी चढत जाणारी बैठक. कुठंही बसा, कुस्ती दिसणारच.

आता आपण रोमन साम्राज्यातच जाऊ, पण अठराशे वर्षं मागं. आजच्या तुर्कस्तानात पर्गामम नावाचं शहर होतं. तिथं इसवी सन १५७ च्या सुमारास गॅलेन नावाचा तरुण वैद्य ग्लॅडिएटरांवर उपचार करायच्या कामावर लागला. वय विशीच्या शेवटाला, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांएवढंच. रोज जखमी योद्धे समोर. त्यातून माणसाच्या शरीराचं जे शिक्षण मिळालं, ते पुस्तकातून मिळालं नसतं.

पुढे गॅलेननं प्राण्यांवर प्रयोग केले. मणक्यातून जाणारा मज्जारज्जू त्यानं वेगवेगळ्या उंचीवर कापून बघितला. मानेत अगदी वर कापला की श्वास लगेच बंद. मानेच्या खालच्या भागात कापला तर हातपाय लुळे, बरगड्यांची हालचालही थांबते, पण प्राणी पोटानं श्वास घेत राहतो. म्हणजे श्वासाची वायर मानेतून जाते आणि मधेच एका ठिकाणी बाहेर पडते, हे त्याला दिसलं.

आपल्याकडेही मानेचं महत्त्व जुनंच. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं सांगितलीत. मानेतल्या शिरांच्या मर्मांना 'मातृका' म्हटलंय आणि त्यांचा समावेश 'सद्यःप्राणहर', म्हणजे इजा झाली तर लगेच जीव घेणाऱ्या मर्मांत केलाय. डोकं आणि मान जिथं जुळतात त्या 'कृकाटिका' मर्माला मार लागला तर डोकं स्थिर राहत नाही, असंही सांगितलंय.

वायर नेमकी कुठून जाते?

१८११ च्या सुमारास फ्रान्समध्ये लेगालोआ नावाच्या डॉक्टरनं सशांवर प्रयोग करून दाखवलं की श्वासाचा हुकूम मोठ्या मेंदूतून सुटत नाही. तो सुटतो मेंदूच्या देठातून, म्हणजे मानेच्या अगदी वरच्या टोकाला.

आज आपल्याला पूर्ण नकाशा माहीत आहे. हुकूम मेंदूच्या देठातून निघतो, मज्जारज्जूतून मानेत उतरतो आणि मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या नसांच्या जोड्यांतून बाहेर पडून छाती-पोटामधल्या पडद्यापर्यंत जातो. हा पडदा खाली सरकला की हवा आत येते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर वर, मशीन खाली, आणि मधली केबल मानेतून. बॅकअप फार थोडा.

पण मग झोपेचा संबंध कुठं आला? जागेपणी आणि झोपेत श्वास सारखाच चालतो ना? इथंच गंमत आहे. नाही चालत.

१९५२: हेलसिंकी आणि कोपनहेगन

१९५२ च्या जुलैमध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक जिंकलं. हे आपल्याला पाठ आहे. त्याच उन्हाळ्यात, समुद्रापलीकडं कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ सुरू होती. मुलांचा श्वास बंद पडत होता, कारण पोलिओचा विषाणू मेंदूच्या देठातल्या आणि मानेतल्या त्याच पेशी मारत होता. ऑगस्टमध्ये ब्यॉर्न इब्सेन या डॉक्टरनं बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. ती वाचली. मग वैद्यकीय कॉलेजची शेकडो पोरं पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसली. आजच्या आयसीयूची सुरुवात इथून धरतात.

१९५८ मध्ये प्लम आणि स्वॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी पोलिओच्या काही रुग्णांबद्दल एक गोष्ट नोंदवली. हे रुग्ण जागे असताना बरा श्वास घेत, पण झोप लागली की श्वास मंदावायचा, थांबायचा.

आणि १९६२ मध्ये मानेचा धागा थेट जुळला. कॅन्सरसारख्या आजारात वेदना असह्य झाल्या, की मानेत वरच्या बाजूला मज्जारज्जूतली वेदनेची वाट कापायची एक शस्त्रक्रिया होती. सेव्हरिंगहाउस आणि मिचेल यांनी मानेच्या वरच्या भागात आणि मेंदूच्या देठावर शस्त्रक्रिया झालेल्या तीन रुग्णांचं वर्णन केलं. 'श्वास घ्या' म्हटलं की घ्यायचे. डोळा लागला की विसरायचे! त्यांनी या अवस्थेला ऑन्डीन नावाच्या जलपरीच्या कथेवरून नाव दिलं.

यातून काय कळलं? श्वासाच्या वायरी दोन आहेत. एक आपण मुद्दाम श्वास घेतो त्याची, दुसरी आपोआप चालणाऱ्या श्वासाची. दोन्ही मानेतून जातात, पण वेगवेगळ्या वाटेनं. दिवसा एक दुसरीला सांभाळून घेते. रात्री फक्त ऑटोपायलट. तीच वायर दुखावली असेल, तर दिवसा माणूस ठणठणीत दिसतो आणि रात्री गडबड होते.

मुलांचं घोरणं कुणी मनावर घेतलं?

आता गोष्टीची दुसरी बाजू. झोपेत श्वास थांबायचं जास्त नेहमीचं कारण वेगळं आहे. वायर ठीक असते, पण घशातली वाट मिटते.

१८६८ मध्ये कोपनहेगनच्याच विल्हेल्म मेयर यांनी नाकामागं वाढणाऱ्या ॲडेनॉइड गाठींचं वर्णन केलं. १८८९ मध्ये लंडनच्या विल्यम हिल यांनी लिहिलं की शाळेत मठ्ठ ठरवलेली कितीतरी पोरं तोंडानं श्वास घेतात, रात्री घोरतात, अस्वस्थ झोपतात. दोष डोक्यात नसून श्वासाच्या वाटेत आहे. पण पुढं जवळजवळ नव्वद वर्षं ही गोष्ट मागं पडली. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या गिलेमिनो आणि सहकाऱ्यांनी आठ मुलांवर पेपर लिहिला, तेव्हा मुलांमधला स्लीप ॲप्निया पुन्हा चर्चेत आला. दिवसा झोप येणं, शाळेत मागं पडणं, स्वभाव बदलणं, सुटलेली अंथरुणात लघवीची सवय परत येणं, सकाळी डोकं दुखणं, रक्तदाब वाढणं; आणि जोडीला मोठ्यानं घोरणं, मधेच शांतता. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा दाब देऊन वाट उघडी ठेवायचं मशीन आणलं. आज आपण त्याला सीपॅप म्हणतो.

मग मानेचा मार आणि मुलाचा श्वास?

दोन्ही धागे एकत्र आणू.

मुलाची मान म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. डोकं अंगाच्या मानानं जड, स्नायू कच्चे, सांधे सैल. त्यामुळं लहान मुलांत झटक्याचा जोर मानेच्या वरच्या मणक्यांवर येतो, मोठ्यांत तो खाली येतो. आणि श्वासाची वायर वरच्याच भागात! १९८२ मध्ये पांग आणि विल्बर्गर यांनी दाखवलं की मुलांमध्ये मज्जारज्जूला इजा असूनही एक्स-रे साफ येऊ शकतो. काहींत हातापायाला मुंग्या आधी येतात आणि खरा अशक्तपणा काही तासांनी, कधी काही दिवसांनी दिसतो. एमआरआयनं आतलं चित्र कळतं.

म्हणजे संबंध तीन वाटांनी जुळतो. मानेत वर मज्जारज्जूला इजा झाली, तर ऑटोपायलट बिघडतो. पडद्याची नस कमजोर झाली, तर झोपेत श्वास उथळ होतो. आणि मज्जारज्जूच्या इजेनंतर सतत उताणं झोपणं, ताकद घटणं, नाक चोंदणं यामुळं घशातली वाटही मिटू शकते. काही मुलांत जन्मतःच ही जागा नाजूक असते. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे पहिले दोन मणके सैल असू शकतात आणि ॲप्नियाही जास्त आढळतो. कियारी नावाच्या दोषात लहान मेंदूचा भाग मानेच्या तोंडाशी खाली सरकून दाब देतो.

पण उलटा अर्थ काढू नका. मान लचकली, आखडली म्हणून ॲप्निया होतो, असं नाही. घोरणाऱ्या बहुतेक मुलांत कारण टॉन्सिल, ॲडेनॉइड किंवा वाढलेलं वजन हेच असतं. वजन आणि जाड मान यांचा परिणाम खेळाडूंतही दिसतो. २००३ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास झाला. तरुण, ताकदवान माणसं, तरी त्यांच्यात झोपेतल्या श्वासाचा त्रास सुमारे १४ टक्के असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे नुसती ताकद वाचवत नाही.

तालमीत आणि घरात काय बघायचं

आता ते वाक्य आठवा. 'दमलंय पोरगं, गाढ झोप लागलीय.' आठवड्यातल्या बऱ्याच रात्री घोरत असेल, मधेच श्वास थांबून दचकून सुरू होत असेल, मान मागं टाकून तोंड उघडं ठेवून झोपत असेल, शाळेत पेंगत असेल किंवा उगाच चिडत असेल, तर त्याची झोप गाढ नाही, तुटतेय. मोबाईलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नक्की निदान रात्रभराच्या झोपेच्या तपासणीतून होतं.

आणि पोरगं डोक्यावर आपटलं, मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, ताकद कमी वाटतेय, तर मान मोडून बघायची नाही, झटका द्यायचा नाही, खांद्याला धरून उठवायचं नाही. आहे तसं ठेवायचं आणि १०८ ला फोन. पूर्वी मानेला मार लागला असेल आणि आता झोपेत श्वास बिघडलाय, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. घोरण्याबद्दल विचारायला गेलेला माणूस सहा महिन्यांपूर्वीच्या पडण्याबद्दल सहसा बोलत नाही, आणि धागा तिथंच तुटतो.

वस्ताद मंडळी पोराचा खुराक मोजतात, जोर-बैठका मोजतात. रात्री दिवा मालवल्यावर पाच मिनिटं त्याचा श्वासही ऐकला, तर गॅलेनच्या काळापासून जमलेलं हे ज्ञान खऱ्या अर्थानं तालमीपर्यंत पोचलं, असं म्हणता येईल.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या ओळखीत कुणी वस्ताद, कुणी कुस्तीचे सर असतील, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!