कान्सालाचा तट आणि जालीचा कंठ



पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ हा चिमुकला देश आपल्या गोमंतकाचा एका अर्थी सहप्रवासी. दोघांवरही लिस्बनची सत्ता होती. आपण १९६१ साली मुक्त झालो. त्यांचे स्वातंत्र्य पोर्तुगालने १९७४ साली मान्य केले. त्या देशाच्या ईशान्य भागात कान्साला ही काबू नामक मांदिंका राज्याची राजधानी होती.

तेराव्या शतकात मालीच्या सुंजाता केइताचा सेनापती तिरामाखान त्रावरे याने हा मुलूख जिंकला, असे परंपरा सांगते. पुढे मालीची सत्ता क्षीण झाली आणि काबू स्वतंत्र झाले. राजाला 'मान्साबा', म्हणजे थोर राजा, म्हणत. 'न्यांचो' या राजकुलीन वर्गाचे कुलीनत्व मात्र आईकडून येई. नुसत्या पित्याच्या नावावर कोणी न्यांचो ठरत नसे. पितृवंशाच्या वंशावळी वाचण्यात आयुष्य गेलेल्या मला याची मोठी मौज वाटते.

हा इतिहास टिकला तो 'जाली'च्या कंठात. जाली म्हणजे राजकुळांचा वृत्तांत पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारा गायक. २१ तारांचा 'कोरा' हे त्याचे वाद्य. आपला भाट आणि शाहीर एकाच देहात कल्पावेत! त्याच्या कथनाचा कळस म्हणजे कान्सालाचा अखेरचा वेढा. मांदिंका सरदारांच्या करवसुलीने गांजलेले फुला पशुपालक आणि फुता जालोनचे धर्मयुद्धाला निघालेले सैन्य, १८६७ च्या सुमारास दोघेही एकवटून चालून आले. शत्रू तटाच्या आत शिरताच मान्साबा जांके वाली साने याने दारूचे कोठार पेटवून दिले. जिंकणारे आणि हरणारे एकत्रच भस्मसात झाले. मांदिंका लोक या युद्धाला 'तुरुबान' म्हणतात. त्याचा आशय, बीजाचा समूळ नाश.

मी मौखिक परंपरेचा जन्मभराचा पक्षपाती. तरीही एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. न्यांचो घोडेस्वारांच्या ज्या मोहिमांचा गौरव होतो, त्यांतून हाती लागलेली माणसे काशेउ आणि बिसाऊ या बंदरांतून गुलाम म्हणून विकली जात. १७५५ साली स्थापन झालेल्या एका पोर्तुगीज व्यापारी कंपनीने याच बंदरांतून हजारो माणसे उत्तर ब्राझीलला नेली. जाली राजाचा आश्रित. बंदिवानाला जाली कोठून असणार? त्याचा पत्ता खरेदीदाराच्या हिशेबवहीतच शोधावा लागतो, आणि तिथेही बहुधा नुसता आकडा सापडतो. बखरी वाचताना आपण आश्रयदात्याचा हात ओळखायला शिकलो आहोत. वीरगीत ऐकतानाही तीच दृष्टी हवी.

कान्साला पडल्यानंतर वीस-बावीस वर्षांत युरोपीयांनी नकाशे आखले. १८८६ साली पोर्तुगाल आणि फ्रान्स यांनी, १८८९ साली फ्रान्स आणि इंग्लंड यांनी सीमा ठरवल्या, आणि काबूचा मुलूख आजच्या गिनी-बिसाऊ, सेनेगल व गांबिया या तीन देशांत विभागला गेला. जालींनी या रेषा मानल्या नाहीत; साने-मान्यांची गाणी तिन्ही देशांत गायली जातात. काबूचेच नाव सांगणाऱ्या गाबू शहराला पोर्तुगीजांनी 'नोव्हा लामेगो' केले होते. स्वातंत्र्यानंतर त्याला पुन्हा गाबू म्हणू लागले.