दुसऱ्याच्या देशासाठी जागरण

मंडळी, इथे कर्वेनगरात बसलेले आपण बरेच जण १९८६ साली अर्जेंटिनाचे झालो. मेक्सिकोतली भर दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. २९ जूनला दूरदर्शनसमोर जागून आपण मॅराडोनाच्या संघाने पश्चिम जर्मनीला ३-२ हरवलेलं पाहिलं.

आणि आपला स्वतःचा देश? १९५०च्या विश्वचषकात भारताला जागा मिळाली होती. संघ ब्राझीलला गेलाच नाही. अनवाणी खेळू देईनात म्हणून, ही गोष्ट आपण अजून सांगतो. कर्णधार शैलेन मन्नांनीच ती खोडून काढली होती, बरं का!

मग थेट २०१७. सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक, आणि यजमान म्हणून आपल्याला प्रवेश. दिल्लीत तिन्ही सामने हरलो, पण त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. सामने रात्री आठला, जागरणाचा प्रश्नच नव्हता. आपल्यापैकी किती जणांनी पाहिले? हात वर करा.